परीक्षकांना फर्दापूरला येऊ द्या

मागणी अशी आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या चित्रकार-शिल्पकारांसाठी दरवर्षी एक निवड-प्रदर्शन भरावे. ते अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी, फर्दापूरला भरावे आणि कामांची निवडही तिथेच, कामे समोर ठेवून व्हावी. वेरूळ-अजिंठा महोत्सवाचा मुख्य मंच गाण्या-नाचाचा असतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण अजिंठ्याचे नाव जगात गेले ते चित्रांमुळे, आणि आज चित्र काढणाऱ्या इथल्या माणसाला त्या नावाचा फारसा उपयोग होत नाही.

१. अजिंठ्याची चित्रे कायम बाहेर जाऊन दाखवली गेली. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिलची नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे बसून नकला केल्या, त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले, त्यात पेस्तनजी बोमनजीही होते. त्या नकलांनाही लंडनमध्येच, १८८५ मध्ये आग लागली. पुढे लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर तरुण नंदलाल बोस होते. या सगळ्यांचे कष्ट मोठे आहेत. पण दीडशे वर्षांनंतरही दिशा तीच आहे: काम इथून निघते आणि बरे-वाईट तिकडे ठरते.

२. कोणी म्हणेल, राज्य कला प्रदर्शन आहे की. आहे. कला संचालनालय ते भरवते, त्यात विद्यार्थ्यांचा आणि कलाकारांचा असे वेगळे विभाग असतात. मुंबईत १८८८ सालची बॉम्बे आर्ट सोसायटी आहे, तिचे वार्षिक प्रदर्शन आहे. ती सगळी चालू राहोत. मुद्दा ने-आणीचा आहे. हिंगोलीच्या एखाद्या कलाशिक्षकाने चार बाय पाच फुटांचा कॅनव्हास मुंबईला धाडायचा म्हणजे काय, ते ज्याने धाडला त्यालाच ठाऊक. चौकटीच्या चार कोपऱ्यांना थर्माकोल, वर जुनी चादर, चादरीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चिकटपट्टीचे वेढे आणि मार्करने काढलेला ‘ही बाजू वर’चा बाण. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत ते उभे राहत नाही, आडवे घातले तर त्यावर कोणाची तरी बॅग येणार. क्लीनर आधीच सांगतो, काच असेल तर जबाबदारी नाही. भाडे तो म्हणेल ते. प्रवेशशुल्क वेगळे. निवड झाली नाही तर ठरल्या तारखेला जाऊन काम उचलायचे, म्हणजे पुन्हा शाळेची रजा आणि पुन्हा तीच डिकी. असे चार-पाच वर्षे केले की माणूस मुकाट्याने लहान चित्रे काढू लागतो. चित्राचा आकार डिकी ठरवते.

आता पहिली फेरी फोटोवर घेण्याची सोय निघाली आहे. खर्च वाचतो, कबूल. पण रंगाचा थर, कागदाचा पोत, शिल्पाचा भार फोटोत येत नाही; ज्याच्याकडे चांगला कॅमेरा तो पुढे जातो. त्यापेक्षा प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक संकलन केंद्र ठेवावे आणि आठही जिल्ह्यांतून एक बंद टेम्पो फिरवावा. एका सभामंडपाच्या रोषणाईहून हा खर्च जास्त होईल असे वाटत नाही.

३. जागा शोधायला नको. फर्दापूरजवळ जपानी कर्जाच्या प्रकल्पातून अभ्यागत केंद्र उभे राहिले, २०१३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आत १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. पुढे वीज आणि पाण्याची बिले थकली आणि एवढी मोठी वास्तू बंद पडली. ती नीट चालवायची तर तिथे दरवर्षी काहीतरी नवे घडले पाहिजे. प्रतिकृती माणूस एकदा बघतो, फार तर पाहुणे आले की दुसऱ्यांदा.

४. आता मुख्य गोष्ट, परीक्षक. असल्या स्पर्धांची चर्चा नेहमी बक्षिसाच्या रकमेवर होते, आणि तिथेच ती बिघडते. बक्षीस दोन-चार जणांना मिळते. निवड मात्र प्रत्येकाची होते किंवा होत नाही. प्रदर्शनाची पत निवडीवर उभी असते. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या परीक्षकांनी अमृता शेरगिल यांनी काढलेल्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिले. ते चित्र त्या काळच्या रुळलेल्या चवीपासून बरेच दूर होते, म्हणून तो निर्णय आजही त्या संस्थेच्या बाजूने बोलतो. त्याच संस्थेने दहा वर्षांनी के. एच. आरा यांचे एक मोठे चित्र नाकारले, आणि त्याचा चित्रकार सूझांना आलेला राग हे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहण्यामागचे एक कारण मानले जाते. एकच संस्था, दोन निकाल, दोन्ही लक्षात राहिलेले. परीक्षक चुकतात, चुकणारच. पण कोणी आणि का ठरवले, हे लोकांना कळले पाहिजे.

तेव्हा अटी अशा. परीक्षक पाच, त्यांतले दोन महाराष्ट्राबाहेरचे, एक मराठवाड्यातला, आणि एक असा की जो चित्रकार नाही: भित्तिचित्रांच्या जतनाचे काम करणारा, कुंभार, विणकर, कोणीही, ज्याला हाताने केलेली वस्तू कळते. ज्याचा विद्यार्थी स्पर्धेत आहे त्याने त्या कामापुरते उठून बाहेर जावे. आपल्याकडे कलामहाविद्यालये मोजकी, शिक्षक मोजके, प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा विद्यार्थी. म्हणून ही अट कागदावर सोपी आणि खोलीत अवघड आहे. चित्रावरच्या सहीवर कागदाची पट्टी लावावी. एक परीक्षक लागोपाठ दोनदा बसू नये. किती कामे आली, कोणत्या जिल्ह्यातून किती, किती घेतली, हा तक्ता प्रदर्शनाच्या दारातच लावावा. आणि प्रत्येक नाकारलेल्या कामामागे दोन ओळींचे कारण लिहून द्यावे. ‘दर्जा अपेक्षेप्रमाणे नाही’ हे कारण नव्हे. ‘आकृत्या नीट जमल्या आहेत, पण पार्श्वभूमी नंतर भरल्यासारखी वाटते’ हे कारण आहे. परभणीच्या मुलाला या दोन ओळींचा उपयोग बक्षिसापेक्षा जास्त दिवस होईल. दोनशे कामे असली तर दोन दिवस जादा लागतील, तेवढे लागू द्या.

५. ‘अजिंठा शैली’चा वेगळा गट ठेवू नये. पद्मपाणीची कललेली मान आपण लॉजच्या स्वागतकक्षात, लग्नपत्रिकेवर, उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर इतकी पाहिली आहे की पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात तो खरा समोर आल्यावर डोळे क्षणभर गोंधळतात. नकलेत कौशल्य लागते आणि त्या कौशल्याला बाजारात गिऱ्हाईकही आहे. त्यासाठी परीक्षक कशाला? शिवाय पाचव्या शतकात ज्यांनी ती चित्रे काढली ते त्यांच्या काळातले काम करत होते. गाळ, भुसा, गवत कालवून खडकावर लिंपण घातले, वर पांढरा हात दिला, गेरू आणि काजळी आसपासची वापरली, आणि निळ्यासाठी थेट अफगाणिस्तानकडचा लाजवर्द आणवला. जवळचे आणि लांबचे दोन्ही बिनधास्त घेतले. आजच्या कोणी कापसाच्या बोंडांवर, बोअरवेलच्या पाइपांवर, जायकवाडीच्या गाळावर काम केले, किंवा व्हिडिओ केला, तर तो त्यांच्या जवळचा.

६. नाकारलेल्यांची भिंत हवी. पॅरिसमध्ये १८६३ साली परीक्षकांनी इतकी कामे परत पाठवली की तक्रारी बादशहापर्यंत गेल्या आणि नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरले. फ्रेंच चित्रकार माने यांचे चित्र त्यातच टांगले होते. आपल्याला बादशहाची गरज नाही. ज्याची हरकत नसेल त्याचे नाकारलेले काम अजिंठा गावात, एखाद्या शाळेच्या सभागृहात, ते दोन ओळींचे कारण शेजारी चिकटवून टांगावे. लेणी पाहायला येणारे बहुतेक लोक गावात थांबतच नाहीत. त्यांना थांबायला निमित्त मिळेल. आणि परीक्षकांवर वचकही राहील.

७. पैसा: जिल्हा नियोजन समितीतून. पहिले बक्षीस फुगवू नये. त्या रकमेत पाच कामे विकत घ्यावीत आणि ती अभ्यागत केंद्रात कायमची ठेवावीत, प्रतिकृतींच्या शेजारी. दहा वर्षांत पन्नास कामांचा संग्रह होईल. संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे. संग्रहाची नोंद आणि निगा हा तिथल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग करता येईल.

८. फलकाबद्दल. सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे, हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. दान त्याचे, म्हणून नाव त्याचे. भिंती रंगवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. ही परंपरा आपल्या फ्लेक्सवाल्यांनी नको इतकी निष्ठेने जपली आहे. प्रदर्शनाच्या फलकावर पालकमंत्री, आमदार, सभापती यांचे फोटो असोत, नाहीतरी येणारच. पण निवडलेल्या प्रत्येक कलाकाराचे नाव आणि गाव त्याच फलकावर, वाचता येईल अशा अक्षरात असावे. जागा कमी पडली तर कोणाचा फोटो लहान करायचा ते आयोजकांनी ठरवावे.

९. शाळेतली मुले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना राज्यात दरवर्षी लाखो मुले बसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी एकही मूळ चित्र भिंतीवर पाहिलेले नसते. सिल्लोड आणि सोयगाव तालुक्यांतल्या शाळांना एक दिवस ठरवून बोलवा. एसटीची सहल नाहीतरी लेण्यांना येते, ती एक तास जास्त थांबेल.

१०. वेळ हिवाळ्याची, डिसेंबर किंवा जानेवारी. उन्हाळ्यात फर्दापूरला चित्रे नेणे म्हणजे चित्रांचे आणि माणसांचे दोघांचे हाल. लेणी सोमवारी बंद असतात. निवडीचे काम त्या सोमवारी सुरू करावे, म्हणजे गर्दी नसेल आणि परीक्षकांना लेणी बघायला मध्येच उठून जाता येणार नाही. ती त्यांनी आदल्या दिवशी, रविवारी बघून घ्यावीत, रांगेत उभे राहून, तिकीट काढून.

प्रवेशिका मराठीत, एका पानाची असावी. त्यात ‘कलाविषयक भूमिका’ असा रकाना नको. जन्मतारीख, गाव, माध्यम, मापे, आणि काम परत कोणाच्या हाती द्यायचे, एवढे पुरे.