कामगाराचे दात, मालकाची मर्जी

कॅनडात आजारी माणसाला डॉक्टरकडे जाताना खिसा चाचपावा लागत नाही, ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. दात दुखू लागले की मात्र तोच माणूस खिसा चाचपतो, हे सहसा सांगितले जात नाही. १९५७ च्या कायद्याने तेथे रुग्णालये आणि १९६६ च्या कायद्याने डॉक्टरांची सेवा सार्वजनिक विम्याखाली आली. १९८४ च्या आरोग्य कायद्याने ती व्यवस्था पक्की केली. पण रुग्णालयातच कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया वगळता दात या साऱ्या कायद्यांबाहेर राहिले. जणू दात हा मानवी देहाचा भागच नव्हे!

ही पोकळी मालकांच्या दंतविम्याने भरून काढली. तीही आपखुशीने नव्हे. संघटित कामगारांनी वाटाघाटींच्या टेबलावर पगारवाढीचा काही हिस्सा सोडून हा विमा पदरात पाडून घेतला. ज्यांची संघटना नाही, ज्यांचे काम कंत्राटी वा अर्धवेळ आहे, जे निवृत्त झाले आहेत, त्यांच्या वाट्याला मात्र काहीच आले नाही. देशातील सुमारे एक तृतीयांश लोकांना दंतविमा नव्हता आणि २०१८ च्या पाहणीत पाचातील एकाहून अधिक माणसांनी खर्चाच्या भीतीने दंतवैद्याकडे जाणे टाळल्याचे सांगितले होते.

या पार्श्वभूमीवर नव्या सार्वजनिक दंतोपचार योजनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०२२ च्या मार्चमध्ये अल्पमतातील लिबरल सरकारला पाठिंबा देताना न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने ही योजना त्याच्याकडून कबूल करून घेतली. (ज्या पक्षाने ती मिळवली त्याला मतदारांनी २०२५ च्या निवडणुकीत अवघ्या सात जागांवर आणून बसवले, हा राजकारणातील कृतघ्नतेचा एक स्वतंत्र अध्याय आहे.) प्रथम बारा वर्षांखालील मुले, मग २०२४ च्या मेपासून वृद्ध, आणि २०२५ मध्ये सर्व प्रौढ, असा तिचा विस्तार झाला. ज्या कुटुंबाचे निव्वळ वार्षिक उत्पन्न ७०,००० डॉलरहून कमी, त्याला योजनेच्या दराने संपूर्ण भरपाई. त्यावर ८०,००० पर्यंत ४० टक्के आणि ९०,००० पर्यंत ६० टक्के भार रुग्णाचा. पन्नास लाखांहून अधिक माणसे तिच्यात दाखल झाली आहेत. वर्षानुवर्षे दुखरी दाढ घेऊन जगलेल्या म्हातारीला या योजनेची थोरवी कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पण या योजनेला उत्पन्नाखेरीज आणखी एक अट आहे आणि सारे विष त्या अटीत आहे. ज्याला मालकाकडून, जोडीदाराच्या मालकाकडून, निवृत्तिवेतनातून वा खासगीरीत्या दंतविमा ‘उपलब्ध’ आहे, तो अपात्र. हा शब्द नीट पाहावा. विमा घेतला आहे की नाही, हा प्रश्नच नाही. हप्ता परवडत नाही म्हणून कामगाराने मालकाचा विमा नाकारला, तरी तो त्याला ‘उपलब्ध’च समजला जातो. तो विमा किती तोकडा आहे, याचीही चौकशी होत नाही. कामगाराच्या वार्षिक वेतनपत्रकावर, ज्याला तेथे टी-४ म्हणतात, २०२३ पासून ४५ क्रमांकाचा एक नवा रकाना आला आहे. मालकाने त्यात एक ते पाच यांपैकी एक आकडा भरायचा आणि त्या आकड्यावर सरकारने कामगाराच्या दातांचा निवाडा करायचा.

याचा परिणाम काय होतो? समजा, एकाच इमारतीत झाडलोट करणाऱ्या दोन स्त्रिया आहेत, पगार सारखाच. एकीचा कंत्राटदार कोणताही विमा देत नाही; तिचा उपचार सरकार करते. दुसरीचा मालक निम्मा खर्च देणारा, वर्षाची मर्यादा घातलेला एक किरकोळ विमा देऊ करतो आणि त्याचा हप्ता तिच्याच पगारातून कापतो. तिला सरकारकडून एक छदामही मिळत नाही. म्हणजे ज्या मालकाने थोडीफार जबाबदारी पत्करली त्याची कामगार दंडित झाली, आणि ज्याने हात झटकले त्याच्या जबाबदारीचा भार राज्याने आपल्या शिरावर घेतला. कमी पगार देणाऱ्या लहानमोठ्या मालकांना यातून काय हिशेब सुचेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. विमा बंद करा. कामगार तक्रार तरी कशी करणार? उलट तो आभारच मानील! पण वाचलेला हप्ता पगारात पडेल, याची हमी कोठेही नाही. कामगार संघटनेच्या प्रतिनिधीची कोंडी तर याहून विलक्षण आहे. अल्पवेतन सभासदांसाठी त्याने साधा दंतविमा मागितला, तर तो त्यांना सार्वजनिक योजनेतून बाहेर काढण्याचीच मागणी करतो.

दोन योजनांची सांगड घालणे अवघड आहे, असे म्हणावे तर प्रांतिक सरकारांच्या दंतोपचार योजनांशी ती घातलेलीच आहे. प्रांताची मदत मिळणारा माणूस संघ सरकारच्या योजनेतही बसतो. अडथळा तांत्रिक नाही. तो धोरणाचा आहे. मालकांचे विमे धरणाऱ्या माणसांचा खर्च वाचवावा, एवढीच त्यामागची काटकसर. दात कोरून पोट भरत नाही, हे कॅनडाच्या अर्थखात्याला कोणी सांगावे?

सरकारी योजना खुली केली तर खासगी विमे कोसळतील, असा इशारा दिला जातो. हा युक्तिवाद जुना आहे. १९६२ मध्ये सस्कॅचेवान प्रांतात टॉमी डग्लस यांच्या पक्षाच्या सरकारने सार्वत्रिक वैद्यकीय विमा सुरू केला, तेव्हा डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला. डॉक्टरांच्या संघटना आणि विमा कंपन्या यांचे म्हणणे होते की खासगी विमे राहू द्यावेत आणि न परवडणाऱ्या गरिबांना तेवढी सरकारने मदत द्यावी. अल्बर्टाने तसा मार्ग धरलाही. न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४ मध्ये हा मार्ग नाकारला आणि ऐपतीची चौकशी न करता सर्वांना विमा द्यावा, असे सांगितले. आजची दंतयोजना ही हॉल यांनी नाकारलेल्या त्या मार्गाचीच आवृत्ती आहे. तिचे दावे निकाली काढण्याचे कंत्राटही सन लाइफ या विमा कंपनीकडे आहे. १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये कवळ्या आणि चष्मे यांच्यावर आकार बसवला गेला, तेव्हा अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस तेव्हा अनेकांना हट्टी वाटला असेल. तत्त्वाला पडलेले पहिले छिद्र त्याला दिसले होते.

चांगला विमा असलेल्या संघटित कामगाराची धास्ती मात्र हसण्यावारी नेऊ नये. सार्वत्रिक योजना आली की मालक विमा काढून घेईल आणि पैसे खिशात घालील, असे त्याला वाटते, आणि त्याचा अनुभव त्याला तसेच वाटायला लावतो. यावर उत्तर करारात आहे. मालकाचा हप्ता हे दान नव्हे, ते न दिलेले वेतन आहे. सार्वजनिक योजनेमुळे तो वाचला तर ती रक्कम वेतनात परत यावी, असे कलम संघटनांनी आजच मागावे. शिवाय या हप्त्यावर क्वेबेकचा प्रांतिक कर सोडला तर कामगाराला प्राप्तिकर पडत नाही. म्हणजे सरकारी तिजोरी या खासगी विम्यांना आधीपासूनच पोसत आहे, आणि ज्याचे उत्पन्न अधिक त्याला अधिक पोसत आहे.

आपल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत दोष थोडे नाहीत. २०१७ मध्ये ठरलेली २१,००० रुपयांची वेतनमर्यादा ओलांडणारा कामगार अंशदानाचा चालू काळ संपताच त्या छत्राबाहेर जातो. पण ज्याला ही योजना लागू आहे त्या मालकाला वेतनाच्या ३.२५ टक्के वर्गणी भरावीच लागते. विमा न देऊन सुटका करून घेण्याची सवलत त्याला नाही. कॅनडाच्या नव्या योजनेने ती सवलत आपल्या मालकांना बहाल केली आहे.

तेव्हा उत्पन्नाची मर्यादा उठवण्याचा लढा लांबचा असला तरी दुसरी अट या क्षणी रद्द करता येईल. सार्वजनिक योजनेने प्रथम पैसे द्यावेत आणि मालकाच्या विम्याने उरलेला भार उचलावा, एवढा साधा नियम केला तरी त्या झाडलोट करणाऱ्या दोन्ही स्त्रिया एका रांगेत येतील. पुढील वेतनपत्रके छापण्यापूर्वी ४५ क्रमांकाच्या रकान्यावर काट मारावी, ही मागणी कॅनडातील कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्राच्या शिरोभागी घातली पाहिजे.