सीईटीचं निकालानंतर कळून काय उपयोग?

पारनेरकरांनो, दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पोरं विचारतात, "दादा, मार्क चांगलेत, इंजिनिअरिंगला नंबर लागेल ना?" सीईटी दिली का म्हटलं की गप्प! फॉर्म तर निकालाआधीच बंद झालेले असतात.

"सगळं मोबाईलवर असतं, पोरंच बघत नाहीत," असं म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे. 2024 ला बीबीए-बीसीएला पहिल्यांदा सीईटी लावली. परीक्षा देणारे जागांपेक्षा कमी निघाले, ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं आळशी होती का?

इंजिनिअरिंगला पीसीएम ग्रुपची सीईटी लागते, पीसीबीची चालत नाही. मेडिकलला नीट. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, सीईटीत कापत नाहीत. एवढं साधं पण कुणी सांगायचं? नगर-पुण्यात क्लासवाले सांगतात. निघोज, टाकळी ढोकेश्वरच्या वाडीवरच्या पोराला कोण सांगणार?

माझी मागणी एकच: तालुक्यातल्या प्रत्येक ज्युनियर कॉलेजने डिसेंबरातच पालकसभा घ्यावी, फॉर्म कॉलेजातच भरून घ्यावेत. निकालाचे फ्लेक्स लावता ना, मग सीईटीचा एक फलकही लावा.