गवताचा रकाना

वऱ्हाडच्या जुन्या जंगल-दप्तरात गवताला स्वतःचा रकाना होता. इंग्रजी अमदानीत इथल्या सरकारी जंगलाचे तीन वर्ग पाडलेले होते: 'अ' लाकूडफाट्याचा, 'ब' चाऱ्याचा आणि 'क' चराईचा. तिनातले दोन गुरांच्या तोंडासाठी. साहेबाला गवताचा लळा होता, असे कोणी समजू नये. कापसाच्या गाड्या ओढायला बैल लागत आणि बैलाला चारा. पण हिशेब चोख होता. राखलेला रमणा हेही उत्पन्नच, हे कारकुनालाही कळत होते. महसुली दप्तरातला 'ई-क्लास' हा शब्द तर अजून चलनात आहे. अमरावतीत राजापेठच्या टपरीवर चहा घेणारा खेड्यावरचा माणूस गायरान म्हणणार नाही, ई-क्लास म्हणेल. शब्द राहिला, गवत चालले आहे.

त्याच्या जागी विलायती बाभूळ, सुबाभूळ, गिरिपुष्प उभी राहतात आणि बुडाशी घाणेरी माजते. सगळ्यांचे मूळ अमेरिका खंडात. आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सरपण हवे होते, चारा हवा होता, उघडा माळ झाकायचा होता. गरिबाची चूल आजही या लाकडावर पेटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो झाड माळावर काय करते याचा.

बारमाही गवताचा निम्म्याहून अधिक पसारा जमिनीखाली असतो. वरचे गुरांनी खाल्ले, वणव्यात जळाले, तरी पहिल्या पावसाला ते बुडख्यातून फुटते. सावलीवर मात्र त्याच्याकडे उतारा नाही. मारवेल, पवना, कुसळी ही उन्हाची लेकरे. विलायती बाभळीच्या गोड शेंगा शेळ्या-गुरे आवडीने खातात. टणक कवचाचे बी पोटातून सहीसलामत बाहेर येते आणि शेणाच्या गादीवर रुजते. गवतावर जगणारी गुरेच गवताच्या मुळावर उठलेल्या झाडाची पेरणी करत हिंडतात! तोडावे तर बुंध्यातून चार फांद्या जास्त येतात. सुबाभूळ जमिनीत नत्र साठवते, ही तिची थोरवी सांगितली जाते. शेताला ते ठीक. मुरमाड माळाच्या गवताला भुकेलीच जमीन मानवते. तिथे नत्र वाढले की फावते ते तणांचे.

हे कुठवर जाते, ते कच्छच्या बन्नीत दिसले. 1960च्या दशकात खारटपणा थोपवायला वनखात्यानेच तिथे विलायती बाभूळ पेरली आणि तिने त्या नावाजलेल्या कुरणाचा मोठा भाग गिळला. तिथले पशुपालक तिला 'गांडो बावळ' म्हणतात. आपल्याकडचे 'वेडी बाभूळ' हे नावही तेच सांगते.

आपल्याकडे पणाला लागलेला जीव तणमोराचा आहे. पावसाळ्यात याचा नर गवतातून सरळ वर उडी घेतो, दिवसाकाठी शेकडो वेळा, मादीच्या नजरेत भरावे म्हणून. गुडघाभर गवतात ती उडी दिसते. झुडपांच्या दाटीत कोणाला दिसणार? हा पक्षी आता अतिसंकटग्रस्त आहे आणि राज्यात जिथे तो अजून आढळतो, त्यात अकोला-वाशीमचा माळ येतो. अकोला जिल्ह्यात वडाळ्याच्या फासेपारध्यांनी 'संवेदना' संस्थेच्या सोबतीने माळ राखायला घेतला. पिढ्यान् पिढ्या गुन्हेगारीचा शिक्का वागवलेल्या या समाजाने गवताची किंमत ओळखली, सरकारी नकाशाला मात्र तिथे पडीक जमीन दिसते.

पडीक म्हटले की झाडे लावणे आलेच. 2016 ते 2019 या चार वर्षांत राज्याने अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटी झाडांचे संकल्प सोडले. केंद्राच्या हरित क्रेडिट योजनेने 2024 मध्ये हेक्टरी किमान 1100 झाडांची अट घातली. नियम पुढे बदलले, मोजमाप झाडाचेच राहिले. माळावरची बोर, पळस, हिवर, रामकाठी यांच्याशी कोणाचे भांडण नाही. ती विरळ उभी राहतात, गवताला ऊन सोडतात. हेक्टरी अकराशेचा माळ हा माळच नव्हे.

उलटी वाट आपल्याच जिल्ह्यात आहे. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावे उठल्यावर त्यांच्या शेतांची कुरणे झाली. पुनर्वसनाचे दुखणे वेगळे, ते इथे निकालात निघणार नाही. पण सोडलेल्या शेतात चांगले गवत आपसूक येत नाही. आधी तरोटा, रानतुळस येते. ती फुलोऱ्याआधी, सलग काही वर्षे उपटावी लागते. घाणेरीचे तर सोटमूळ जमिनीखाली दोन-चार बोटे तोडून बुंधा उलटा ठेवावा लागतो, नाहीतर ती पुन्हा धरते. हे हातांचे काम आहे. खड्डे खणण्यावर जी मजुरी जाते, ती या उपटणीवर देता येईल.

त्याआधी अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने ई-क्लासची गावनिहाय पाहणी करून, जिथे गवत टिकून आहे त्या जमिनी लागवडीच्या यादीतून वगळाव्यात. पाहणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, गवत फुलोऱ्यावर असतानाच व्हावी. एप्रिल-मे महिन्यांत साहेबांची गाडी माळावर थांबते तेव्हा गवत वाळून मातीच्या रंगाचे झालेले असते, आणि 'ओसाड' हा शेरा तेव्हाच पडतो.