दांडीचे बूट



या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. तिला नुकताच भाऊ झाला. ‘पेढे वाटले, पण घरात कुणी हसत नाही,’ असं ती लिहिते. बाळाची दोन्ही पावलं आत वळलेली आहेत, तळवे एकमेकांकडे बघतात. आजी म्हणते, आई ग्रहणात पाय दुमडून बसली होती. आत्या म्हणते, तेल लावून चोळलं की होतील सरळ. आई नुसती रडते. आणि शेवटी तिचा प्रश्न : ‘ताई, हा माझ्याबरोबर लंगडी खेळेल का गं?’

उपचार वेळेवर सुरू झाले आणि नीट पार पडले, तर अशी बहुतेक मुलं खेळतात, पळतात, झाडावरही चढतात. मात्र चार वर्षं घरादाराला एक काम नेमानं करावं लागतं. त्याचीच आज गोष्ट. हे पान आईबाबांना वाचायला द्या, आणि आजीला वाचून दाखवा.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण इथे अगदी शब्दशः खरी आहे. या दोषाला डॉक्टर ‘क्लबफूट’ म्हणतात. जगात साधारण आठशे बाळांमागे एक बाळ असं जन्मतं. मुलींपेक्षा मुलांत हे प्रमाण दुप्पट, आणि निम्म्या बाळांची दोन्ही पावलं वळलेली असतात. असं का होतं याचं नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही, आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतो. ग्रहणाचा मात्र काडीचाही संबंध नाही. तुम्हीच विचार करा : ग्रहण साऱ्या गावाला दिसतं, मग गावातल्या सगळ्याच बाळांची पावलं का वळत नाहीत? आणि जिथे ग्रहण दिसलंच नाही, तिथेही अशी बाळं जन्मतातच की! तेव्हा बाळंतिणीला ‘तू काय केलंस?’ असं विचारणं आधी बंद. (मोठ्यांना हे सांगायचं धाडस तुम्हीच करू शकता. तुमच्यावर कुणी फार वेळ रागावत नाही.)

नुसत्या मालिशनं हे पाऊल सरळ होत नाही, वाट बघण्यात मोलाचे दिवस तेवढे जातात. सरळ होतं ते प्लास्टरनं. ही पद्धत बसवली डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी. ते १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले. वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि छोटा इग्नासिओ त्यांना मदत करायचा. पुढे ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात गेले. मोठी शस्त्रक्रिया केलेली पावलं वय वाढल्यावर ताठ होतात, दुखतात, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी बाळाचं पाऊल हातानं हळूहळू वळवून प्लास्टरमध्ये धरून ठेवायला सुरुवात केली. कितीतरी वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. गंमत म्हणजे ही पद्धत जगभर पसरवण्यात मोठा वाटा आईबापांचा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटवर पालक एकमेकांना सांगू लागले, ‘आमच्या बाळाचं पाऊल असं बरं झालं.’ आणि मग डॉक्टरही शिकायला लागले.

प्लास्टर असतं बोटांपासून पार मांडीपर्यंत, गुडघ्यात वाकवलेलं. दर आठवड्याला ते काढायचं, पाऊल थोडं आणखी वळवायचं, नवं घालायचं. अशी साधारण पाच ते सात प्लास्टरं लागतात. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागची जाड दोरीसारखी शीर एका छोट्याशा छेदानं कापतात. ऐकून अंगावर काटा येतो ना? पण ती शीर तीन आठवड्यांत पुन्हा जुळते, पूर्वीपेक्षा लांब होऊन, आणि टाच खाली टेकते. या काळात घरच्यांनी बाळाच्या पायाची बोटं दिवसातून अनेकदा बघायची. बोटं गुलाबी हवीत. निळसर, गार किंवा सुजलेली वाटली, अथवा आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

इथवर सगळे घरचे हौसेनं करतात. खरी कसोटी पुढेच आहे.

प्लास्टर निघालं की पाऊल सरळ दिसतं. मग येतात दांडीचे बूट : दोन छोटे बूट, मध्ये खांद्याइतकी रुंद दांडी. एकच पाऊल वाकडं असलं तरी बूट दोन्ही पायांत घालायचे. पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास, म्हणजे आंघोळीपुरते काढायचे. पुढे वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत फक्त रात्री आणि दुपारच्या झोपेत. पहिल्या काही रात्री बाळ रडतं. शेजारी भिंत ठोकतात. पाहुणे म्हणतात, ‘अगंबाई, पाय तर सरळ झाला, आता कशाला छळताय लेकराला?’ आईचा जीव कळवळतो आणि एक रात्र बूट सुटतात. मग दुसरी. पाऊल पुन्हा आत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. मग पुन्हा प्लास्टर, कधी शस्त्रक्रिया.

माझ्या मते अशा घराला मदत करायची तर ती इथे. बाळ रडतं ते बहुधा पाय वेगवेगळे झाडता येत नाहीत म्हणून. दांडी हातात धरून दोन्ही पाय एकदम वर-खाली, पुढे-मागे करून खेळवा, तो ते लवकर शिकतो. हे काम ताई-दादाच छान करतात! आत सुती मोजे घाला. कातडीवर लाल डाग दिसला तर तेल किंवा मलम चोपडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पाहुणे बोलू लागले की आईच्या आधी तुम्ही उत्तर द्या.

आणखी एक गोष्ट मला खुपते. दवाखान्याच्या दिवशी बाबांची मजुरी बुडते, आणि घर सांभाळायला बऱ्याचदा मोठ्या बहिणीची शाळा बुडवली जाते. भावाची नव्हे, बहिणीची! शेजारच्या काकूंनी त्या दिवशी धाकट्यांना जेवू घातलं, वर्गातल्या मैत्रिणीनं वही दिली, तर किती सोपं होईल.

पैशांची काळजी असेल तर बाबांना सांगा : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा सरकारी कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरलाच सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि क्लबफूटही त्यात येतो. आशाताईंना विचारा किंवा सरळ जिल्हा रुग्णालयात जा. जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरुवात झाली तर उत्तम. आपल्या पत्रवाल्या मुलीच्या घरी अजूनही उशीर झालेला नाही, पण आता थांबू नये.

क्लबफूटमधून बरा झालेला मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गातही असेल. एक पोटरी जरा बारीक दिसेल, एक पाऊल थोडं लहान असेल, म्हणून कधीकधी दोन मापांचे बूट घ्यावे लागतात. एवढाच काय तो फरक. १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकणारी क्रिस्टी यामागुची अशीच वळलेल्या पावलांनी जन्मली होती. तेव्हा लंगडीचे गट पाडताना त्यालाही हाक मारा, आणि राज्य आलं तर सोडू नका.

तुमची,
ताई