वाटा फोडणीआधी काढावा

“गावाकडची कुत्री काय पाकिटातल्या खाण्यावर वाढली? उरलंसुरलं खाऊनच धडधाकट राहिली ना!” घरातल्या पाळीव प्राण्याच्या ताटलीत रस्साभात ओतताना हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात 4 ते 30. माणसाच्या सोबतीने हजारो वर्षं राहून भाकरतुकडा पचवायला कुत्रा शिकला. कांदा पचवायला मात्र शिकला नाही.

पूर्वपक्षाची गफलत इथेच आहे. गावच्या कुत्र्याला मुख्यतः मिळे ती कोरडी भाकरी, फार तर ताकभात. आज त्याच ‘उरलंसुरलं’ या नावाखाली मिळते ती बिर्याणी, मंच्युरियन आणि वाढदिवसाचा केक. शिवाय गावातली किती कुत्री कशाने मेली, याचा हिशेब ठेवला कुणी? जगलेली डोळ्यांसमोर होती, एवढंच.

कांदा-लसणातली गंधकयुक्त संयुगं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर मारा करतात आणि त्या पेशी फुटतात. शिजवून, तळून किंवा वाळवून हा गुण जात नाही. कुत्र्याच्या रक्तात ठळक बिघाड दिसायला त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 15 ते 30 ग्रॅम कांदा लागतो, मांजराला 5 ग्रॅम पुरतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला 20 ग्रॅम. मध्यम कांद्याची जेमतेम एक फोड! वाळवलेल्या कांद्याची पूड तर त्याहून कितीतरी तीव्र. माणसाच्या बाळांसाठीच्या तयार खाण्यात घातलेल्या कांद्याच्या पुडीनेसुद्धा मांजरांच्या तांबड्या पेशी बिघडतात, हे अमेरिकेत 1998 साली दिसून आलं.

“कालच भजी खाल्ली, काही झालं नाही,” हे उत्तर इथे चालत नाही. परिणाम दिसायला बहुधा काही दिवस जातात. मग प्राणी मलूल होतो, ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. तोवर ती भजी घरात कुणाच्या लक्षातही नसतात. लसणाने गोचिडी पळतात, या समजालाही भरवशाचा आधार नाही.

द्राक्षांबद्दलचा आक्षेप तर थेट नाशिक-सांगलीच्या मातीतला आहे: बागेतली कुत्री पडलेले मणी खातात, त्यांना कुठे काय होतं? काहींना होत नाही, हे खरंच. पण द्राक्षं किंवा बेदाणे खाऊन दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी झालेली कुत्री पशुवैद्यांनी वारंवार पाहिली आहेत. 2021 साली अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार हे आम्ल कमी-जास्त होतं, त्यामुळे एक कुत्रा वाचतो आणि दुसरा दगावतो. कितीपर्यंत चालेल, याचा भरवशाचा आकडा नाही. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडांचा तसाच बिघाड नोंदला गेला आहे. चिंचगुळाची आमटी ज्या घरात रोजची, तिथे ही माहिती पोचायलाच हवी.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. शंभर ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतं आणि पाच किलोच्या कुत्र्याला झटके यायला तेवढं पुरेसं आहे. बिनसाखरेच्या च्युइंगममधल्या झायलिटॉलने कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरातच कोसळू शकते.

याचा अर्थ घरचं अन्न वाईट आणि पाकीटच तेवढं खरं, असा मुळीच नाही. तोही तितकाच एकांगी आग्रह. बिनमिठामसाल्याचा भात, भाकरी, उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं साधं शिजवलेलं चिकन कुत्र्याला खुशाल द्यावं. मात्र रोजचा आहार त्यावरच चालवायचा तर तो पशुवैद्याकडून ठरवून घ्यावा. मांजराची गोष्ट वेगळी. त्याला मांसातून मिळणारं टॉरिन लागतंच, ते कमी पडलं तर हृदय कमकुवत होतं. तेव्हा मांजराला दूध-पोळीवर ठेवणं म्हणजे अर्धपोटी ठेवणं. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर धड पचतही नाही.

आणि ‘आपली पद्धत’ म्हणायची, तर खरी पद्धत ही की मुक्या जिवाचा वाटा आधी काढावा. श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो आणि पंचबलीत कुत्र्याचाही घास वेगळा ठेवला जातो. तोच क्रम रोजच्या स्वयंपाकघरात सहज पाळता येतो. भात शिजला, चिकन उकडलं, की फोडणी पडण्याआधी एक वाटी बाजूला.

तरीही चुकून काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नये. त्या मिठानेच जीव जाऊ शकतो. दूध पाजूनही विष उतरत नाही. काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे आठवून, वेष्टन असेल तर ते सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा, लक्षणं दिसायची वाट न पाहता.