फीडर बनवणं सोपं, धुणं अवघड

बे एरियात बाल्कनीवालं अपार्टमेंट मिळालं, की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो: हमिंगबर्डसाठी फीडर लावायचा. आणि इंजिनिअर माणूस म्हटल्यावर तो विकत कशाला, घरीच बनवू! कल्पना झकास आहे. फक्त बहुतेक जण डिझाइन करताना चुकीच्या गोष्टीचा विचार करतात, असं माझं मत आहे.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी आधी एक खुलासा. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतच सापडतो. तुमच्या जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर, त्याचं घराणं वेगळं. इथे आमच्याकडे वर्षभर मुक्काम असतो तो ॲनाज हमिंगबर्डचा. वजन जेमतेम 4 ग्रॅम, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यापेक्षाही कमी.

नेटवर सगळीकडे दिसणारं डिझाइन म्हणजे पाण्याची रिकामी बाटली. झाकणाला भोक, त्यात वाकडा स्ट्रॉ, ग्लू गनने सील, आणि बाटली उलटी टांगायची. दिसतं मस्त. पण ऊन लागलं की आतली हवा प्रसरण पावते आणि साखरेचं पाणी टपटप गळायला लागतं. मग मुंग्या आणि मधमाश्या हजर. त्याहून वाईट म्हणजे अरुंद तोंडाची बाटली आणि तो स्ट्रॉ आतून नीट घासताच येत नाही.

आणि खरी मेख तिथेच आहे. साखरेचं पाणी उन्हात दोन-तीन दिवसांत आंबतं, त्यात बुरशी धरते. ते प्यायलेला पक्षी आजारी पडू शकतो. म्हणजे आपण हौसेने मांडलेलं पानच त्याच्या जिवावर उठायचं.

म्हणून माझं मत डब्याला. हॉटेलातून पार्सल आणलेला, घट्ट झाकणाचा, उथळ गोल प्लॅस्टिकचा डबा घ्या. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने 3-4 मिलिमीटरची चार भोकं पाडा, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. भोकांभोवती लाल टेप लावा. डबा शिंक्यासारखा तीन दोऱ्यांनी टांगा, की झालं काम. हमिंगबर्डची जीभ लांब असते, तो वरून आरामात पितो. मुंग्यांसाठी आजीची युक्ती: दुधाच्या कपाटाचे पाय ती पाण्याच्या वाट्यांत ठेवायची ना? तसंच बाटलीचं एक झाकण दोरीत वरच्या बाजूला ओवून, भोक ग्लूने बुजवून, त्यात पाणी भरायचं.

पाण्याचं प्रमाण: 1 वाटी पांढरी साखर, 4 वाट्या पाणी. बस्स. इथे आपली घरगुती बुद्धी आड येते, "गूळ पौष्टिक असतो, मध तर नैसर्गिकच!" दोन्ही नको. मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते, आणि गुळातलं लोह या पक्ष्याला मानवत नाही. लाल रंगसुद्धा टाकू नका, त्याच्यासाठी टेपचा लाल रंग पुरे.

आता कोणी म्हणेल, दुकानात दहा-पंधरा डॉलरला मिळतो, एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर असं, की घरचा डबा फुकट आहे, म्हणून दोन बनवा. एक टांगलेला, एक सिंकमध्ये. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी अदलाबदल करायची, गरम पाणी आणि थोडं व्हिनेगर घालून घासायचा. एरवीच्या टिफिनसारखंच. झाकण उघडलं की कानाकोपरा दिसतो, आणि जे दिसतं तेच धुतलं जातं.

आपल्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. कोड लिहिणं वीकेंडचं काम, तो चालता ठेवणं वर्षानुवर्षांचं. पण इथे मेंटेनन्स राहिला तर नुसता बग रिपोर्ट येत नाही :-)

ज्यांना दर दोन-तीन दिवसांनी डबा घासणं जमणार नाही, त्यांनी सरळ साल्व्हियाची एक कुंडी ठेवावी. तिला काय, पाणी घातलं की झालं. आणि डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाताना फीडर भरून जाऊ नका. उतरवा, धुवा, कपाटात ठेवा. बे एरियात हिवाळ्यातही फुलं असतात, किडे असतात. ते शोधणं त्या पक्ष्याला आपल्याशिवायही जमतं.