कुठल्या तालमीचा?

कापड बाजारातून अडीचशे रुपयांना आणलेली नवी जर्सी घालून आमचा नातू गेल्या रविवारी माझ्याबरोबर माझ्या काकूंकडे आला. माझा रविवारचा नेम ठरलेला आहे. आधी काकूंकडचा चहा, मग बाकीची कामं. जर्सी गडद निळी, छातीवर आडवा जाड पिवळा पट्टा. बिल्ला जरा तिरका शिवलेला आणि पाठीवरच्या दहा आकड्यातल्या शून्याची कड पहिल्याच धुण्यात सुटलेली. काकूंनी चष्मा वर सरकवला, पट्ट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुठल्या तालमीची रं ही?"

"मोठी आजी, तालीम नाही, क्लब आहे. बोका ज्युनियर्स. अर्जेंटिनाचा."

"बोका? असंल. पण पेठ कुठली त्यांची?"

नातू हसला, मी मात्र हसलो नाही. काकूंचं माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं. लग्न होऊन नगरला आल्याला साठ वर्षं झाली, तरी फुटबॉलचा सदरा म्हटला की त्याला तालीम असणार आणि तालमीला पेठ असणार, हे त्यांच्या मनात पक्कं आहे. आणि त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता.

बोका ज्युनियर्सला पेठ आहे. ब्युनोस आयर्सच्या बंदरालगत रियाचुएलो नदीच्या मुखाशी ला बोका नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. स्पॅनिशमध्ये बोका म्हणजे तोंड. इटलीतल्या जिनोव्हाहून पोटासाठी आलेली कुटुंबं तिथं राहत, म्हणून या क्लबच्या चाहत्यांना आजही 'जिनोव्हावाले' म्हणतात. 3 एप्रिल 1905 रोजी या वस्तीतली पाच पोरं क्लब काढायला एकाच्या घरी जमली. गलका फार झाला म्हणून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा उरलेली सभा प्लासा सोलिस या चौकातल्या बाकावर झाली. रंग कोणता घ्यायचा यावर एकमत होईना, तेव्हा बंदरात पुढं जे जहाज शिरेल त्याच्या झेंड्याचे रंग घ्यायचे असं ठरलं म्हणतात. जहाज आलं स्वीडनचं, निळ्या-पिवळ्या झेंड्याचं. मॅराडोना इथं 1981 साली आला आणि त्याच वर्षी त्यानं क्लबला अजिंक्यपद मिळवून दिलं.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्यांना मॅराडोनापेक्षा बाकावरची सभा आवडली. "आमच्याकडं पण कट्ट्यावरच ठरायचं सगळं," म्हणाल्या आणि मग अर्धा तास कोल्हापूरच चाललं.

कोल्हापुरात फुटबॉल संस्थानकाळात आला आणि तो उचलला तालमींनी. शाहू महाराजांनी ज्या गावाला कुस्तीचं वेड लावलं, त्याच गावात लाल मातीच्या आखाड्याशेजारी फुटबॉलचा संघ उभा राहिला, तोही तालमीच्याच नावानं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. त्यांच्याबरोबर शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. क्लबच्या नावात 'तालीम' हा शब्द मिरवणारं फुटबॉलचं दुसरं गाव माझ्या ऐकिवात नाही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुपार लवकर आटपायची, असं काकू सांगतात. त्यांचे थोरले भाऊ खेळायचे. भावाचे बूट देवघराखालच्या फडताळात असायचे आणि शनिवारी रात्री त्यांना खोबरेल चोळायचं काम काकूंकडे. चेंडू चामड्याचा, आत ब्लॅडर, तोंड वादीनं आवळलेलं. पावसात तो भिजून इतका जड व्हायचा की डोक्यावर घेतला तर वादीचा वळ कपाळावर उमटायचा. हे सांगताना त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून वळ नेमका कुठं उठायचा ते दाखवलं.

तिथं सगळं चांगलंच आहे असं मी म्हणणार नाही. सामन्यानंतरची हुल्लडबाजी कोल्हापूरकरांनाही नकोशी झाली आहे. ब्युनोस आयर्समध्येही बोकाच्या बसवर 2018 साली दगड पडले ते त्याच गावच्या रिव्हर प्लेट या क्लबच्या चाहत्यांकडून, आणि दोघांमधला अंतिम सामना थेट माद्रिदला न्यावा लागला. हे रिव्हर प्लेटही मूळचं ला बोका वस्तीतलंच, 1901 चं. पेठेचं प्रेम आंधळं झालं की असं होतं. पण पेठेच्या याच प्रेमातून अनिकेत जाधवसारखा पोरगाही निघतो. कोल्हापूरचा हा मुलगा 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

मग काकूंनी नातवाला विचारलं, "आणि तू रं कुठल्या तालमीचा?"

पोरगं गप्प झालं. ते गप्प होणं आठवडाभर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

त्याच्याकडं सांगण्यासारखं होतं, पण ते त्याच आठवड्यात हिरावलं गेलं होतं. आमच्या घरांमागं एक पटांगण आहे. दहा-बारा पोरं रोज संध्याकाळी तिथं खेळायची. दिवाळीनंतर तिथं प्रदर्शन भरलं. प्रदर्शन उठलं, मांडवाच्या खांबांचे खड्डे तसेच राहिले. पोरांनी घमेल्यानं मुरूम आणून ते बुजवले. बावीस खड्डे. मी उभा राहून मोजले. एका खड्ड्यात लोखंडी खुंटी मोडून अडकली होती. ती उपसायला त्यांना सबंध एक संध्याकाळ लागली आणि नातवाच्या तळहाताला फोड आले. पुढच्या सोमवारी पोरं गेली तर फाटकाला कुलूप. ज्यांच्या ताब्यात जागा आहे त्यांना विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं, "मुलं खेळून जागा खराब करतात."

बावीस खड्डे कुणी केले आणि कुणी बुजवले, हे मी त्यांना तोंडावर विचारलं. उत्तर आलं नाही.

मला राग कुलपाचा आहे, पण त्याहून जास्त आहे तो आपल्या सवयीचा. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा, हे आपण अभिमानानं सांगतो. दोघंही घडले मात्र मुंबईच्या मैदानांवर. लहानपणी भिंगारला लष्कराच्या कुंपणाला नाक लावून जवानांचे फुटबॉल सामने पाहणारी आमची पिढी होती. कुंपणाअलीकडं आम्ही आमचा एकही संघ उभा केला नाही. नगरच्या जुन्या गल्ल्यांत तालमी आहेत, गणपतीत तरुणांची मंडळं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, वर्गणी गोळा होते, ढोल वाजतात. त्यातल्या एखाद्या मंडळाला अकरा पोरं, एक चेंडू आणि एका रंगाचे सदरे जमवणं कठीण का व्हावं? ला बोकातल्या पाच पोरांकडं तर बसायला जागाही नव्हती. पुढं 1940 साली त्यांचं बोंबोनेरा स्टेडियम उभं राहिलं, तेव्हाही जमीन अपुरी पडली, म्हणून एका बाजूचे सज्जे जवळजवळ सरळ भिंतीसारखे चढवले. त्यांनी जागा नाही म्हणून खेळ थांबवला नाही. आपण जागा असून कुलूप लावतो.

निघताना काकूंनी नातवाच्या पाठीवरचा सुटलेलं शून्य सुईदोऱ्यानं टाचून दिलं. आठ टाके घातले. म्हणाल्या, "आता तुझ्या गल्लीचं नाव घालून दुसरा शिव."

त्या पटांगणाची किल्ली ज्यांच्याकडं आहे, ते हे सदर वाचतात हे मला माहीत आहे. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. संध्याकाळी पाच ते सात एवढे दोन तास फाटक उघडा. जागेची जबाबदारी मी लिहून देतो, आणि पुढचा मांडव उठला की खड्डे आम्हीच बुजवू.